मिक्सर घेण्याआधी त्याचा इतिहास वाचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी पोरगं "स्टुडिओ टाकायचाय" म्हणत असेल, तर शेवटपर्यंत वाचा आणि त्यालाही वाचायला द्या.

नवरात्र दोन-तीन महिन्यांवर आलं की आपल्या बेंबळी परिसरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "दादा, मिक्सर कोणता घेऊ?" आराध्यांची गाणी, भीमगीतं, भजनं, हळदीची गाणी, सगळंच आता युट्यूबवर जातं. धाराशिव नाहीतर लातूरला जाऊन स्टुडिओला तासावर पैसे मोजण्यापेक्षा घरचीच एक खोली तयार करावी, असा पोरांचा हिशेब असतो. हिशेब बरोबर आहे. गडबड पुढं होते. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला जातो. त्यात सोळा चॅनलचा मिक्सर असतो, शेजारी दिवे लुकलुकणारे चार डबे असतात. मग तसंच सगळं पाहिजे म्हणून कर्जाची फाईल तयार होते. मुद्रा योजनेत शिशु गटाला ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटाला ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. कर्ज जेवढं मंजूर होईल तेवढ्याचं सामान येतं. पहिला हप्ता भरायची वेळ येते तेव्हा खोलीत मिक्सर असतो, पण आवाज अजून डब्यात बोलल्यासारखाच येत असतो.

मी साउंड इंजिनियर नाही, पत्रकार आहे. पण या यंत्रांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. यातला प्रत्येक डबा कुणाच्या तरी अडचणीतून जन्मलाय. ती अडचण काय होती हे कळलं, की तो डबा आपल्याला लागतो का, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. यंत्र ज्याच्या हातात होतं, कुणाचा आवाज टिकायचा हे त्यानंच ठरवलं. आज ते यंत्र आपल्या हातात आलंय. म्हणून हा विषय नुसत्या खरेदीचा नाही.

*मिक्सर नव्हता तेव्हा*

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जान यांचा आवाज त्यानं ध्वनिमुद्रित केला. वीज नाही, माईक नाही, मिक्सर नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा आणि सुई, खाली फिरणारी मेणाची तबकडी. कर्ण्यात तोंड घालून गायचं, तेही जेमतेम तीन मिनिटं. वाजवणाऱ्यांचा आवाज कमी-जास्त करायचा एकच उपाय होता, माणूस पुढं-मागं सरकवणं. ज्याचा आवाज मोठा तो मागं, ज्याचा बारीक तो कर्ण्यापाशी. म्हणजे अंतर हाच त्या काळातला मिक्सर.

तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. १९०८मध्ये कलकत्त्यातल्या सियालदाला कारखाना निघाला, तेव्हा कुठं त्या इथं बनू लागल्या. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आला आणि कर्णा मागं पडला.

१४ मार्च १९३१ला मुंबईत मॅजेस्टिक टॉकीजमध्ये 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट. अर्देशीर इराणींच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, त्यामुळं बरंचसं शूटिंग मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर व्हायचं. गाणीही तिथंच, शूटिंगच्या वेळीच मुद्रित व्हायची आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसायचे. पुढं कितीही यंत्रं आली तरी बाहेरचा गोंगाट एकदा आवाजात मिसळला की तो नीट वेगळा काढता येत नाही, ही अडचण आजही तीच आहे. आपल्याकडं रेल्वेच्या जागी मळणीयंत्र आहे, पिठाची गिरणी आहे, डीजे आहे. उपाय मात्र तोच, वेळ निवडणं.

आणि १९४९चा 'महल'. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं. लता मंगेशकर यांनी पुढं मुलाखतींत सांगितलंय की माईक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात-गात माईककडं चालत आल्या. आज आपण हेच काम करायला फेडर सरकवतो आणि रिव्हर्बचा डबा विकत घेतो. तिथं एक खोली, एक माईक आणि कुठल्या पावलाला कुठला स्वर घ्यायचा हे कळणारी गायिका होती. ७५ वर्षं झाली, ते गाणं आजही वाजतंय.

*हे डबे आले कुठून?*

मिक्सरच्या बाहेर वेगळे जोडायचे जे डबे असतात, त्यांना स्टुडिओवाले आउटबोर्ड म्हणतात. कंप्रेसर, इक्वलायझर, रिव्हर्ब, प्रीअँप. आता एकेकाची जन्मकथा बघा.

इक्वलायझर आला टेलिफोनमधून. लांबच्या तारेतून आवाज जाताना त्यातले काही सूर जास्त झिजायचे, पलीकडं आवाज बोदा यायचा. झिजलेला भाग वाढवून सगळं पुन्हा समान करायचं, म्हणून नाव इक्वलायझर. म्हणजे हे दुरुस्तीचं यंत्र आहे. माईक नीट ठेवून मूळ आवाजच चांगला आला, तर दुरुस्ती कशाला?

कंप्रेसर आणि त्याचा भाऊ लिमिटर १९३०च्या दशकात रेडिओ आणि सिनेमामुळं रुजले. निवेदक अचानक मोठ्यानं बोलला की ट्रान्समीटरवर ताण यायचा. म्हणून वर गेलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र. पुढं १९६७च्या आसपास अमेरिकेत बिल पुटनम यांनी '११७६' नावाचा कंप्रेसर काढला. आजही मोठमोठे स्टुडिओ तो अभिमानानं दाखवतात आणि त्याच्या नकला कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतात.

रिव्हर्ब म्हणजे घुमणारा आवाज. याच पुटनमनी १९४७मध्ये 'हार्मोनिकॅट्स' या माउथऑर्गन वाजवणाऱ्या मंडळींच्या रेकॉर्डला घुमारा आणायला चक्क स्टुडिओचं न्हाणीघर वापरलं. ती रेकॉर्ड अमेरिकेत तुफान खपली. १९५७मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं लोखंडी पत्रा ताणून बसवलेलं रिव्हर्ब यंत्र आणलं. वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. जिथं मोठी घुमणारी खोली नाही तिथल्यासाठी तो पत्रा होता. आपल्याकडं देवळाचा सभामंडप आहे, जुन्या वाड्याचा आड आहे. पुटनमनं न्हाणीघर वापरलं, तर आपण सभामंडप वापरायला काय हरकत आहे?

आणि मिक्सरवर '४८ व्होल्ट' लिहिलेलं ते फँटम पॉवरचं बटण? १९६६मध्ये नॉयमन ही जर्मन कंपनी नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी नवीन माईक घेऊन गेली. तिकडं हिवाळ्यात सूर्यच फारसा दिसत नाही, त्यामुळं लाईट गेली तर म्हणून स्टुडिओत ४८ व्होल्टच्या आपत्कालीन दिव्यांची सोय आधीच होती. तीच वीज माईकला दिली. तोच आकडा पुढं जगभर रूढ झाला. बघा, लाईट जाण्याची अडचण फक्त आपलीच नव्हती!

सांगायचा मुद्दा, हे डबे म्हणजे स्टुडिओचे दागिने नव्हेत, ती औषधं आहेत. आजार नसताना औषध कुणी घेत नाही.

*एकाच्या हातातलं बटण*

आता सार्वजनिक बाजू. आपला जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याचा डेक्कन रेडिओ हैदराबादहून चालायचा, १९३५पासून तो सरकारी होता. तिकडं ब्रिटिश हिंदुस्थानात ऑल इंडिया रेडिओ. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, कारण ती परदेशी पेटी आपल्या श्रुतींना न्याय देत नाही असं ठरलं. गावागावातल्या भजनात पेटी वाजत होती, रेडिओवर मात्र तिला मनाई. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. स्वातंत्र्यानंतर माहिती व नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठीच. १९५२मध्ये त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी गेली आणि लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली.

त्याच आकाशवाणीनं मोठं कामही केलं. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक याप्रमाणं वर्षभरात ५६ गीतं. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे अशी गायक मंडळी. आजच्या भाषेत सांगायचं तर तिथल्या यंत्रांपेक्षा तुमच्या लॅपटॉपमध्ये कितीतरी पटीनं जास्त सोयी आहेत. तरी ते काम ७० वर्षं टिकलं. कारण तालीम पक्की होती आणि शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत ही शिस्त होती.

म्हणजे बटण एकाच्याच हातात असलं की त्यातून गीतरामायणही होतं आणि पेटीबंदीही होते. आपल्या भागातला गोंधळी, आराधी, पोतराज, वासुदेव यांनी मात्र हे बटण कधी स्वतःच्या हातानं दाबलं नाही. शहरातली कंपनी किंवा केंद्र बोलावील तेव्हाच त्यांनी गायचं.

*यंत्र स्वस्त झालं तेव्हा*

हे बदललं कॅसेटमुळं. १९८०पर्यंत भारतातल्या रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्हीची जवळपास एकहाती सत्ता होती. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन आली, पाठोपाठ गावोगावी कॅसेटी आल्या. रेकॉर्ड छापायला कारखाना लागायचा, कॅसेट भरायला दोन टेप पुरायचे. लहान लहान कंपन्या निघाल्या आणि जे गाणं शहराला ऐकायचं नव्हतं ते बाजारात आलं. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची आणि भीमाची गाणी, पुढं आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज, शाहिरांचे जलसे. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, जयंतीच्या मिरवणुकीत, जत्रेत हे आवाज पोचले ते कॅसेटनं. अमेरिकेतले अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३मध्ये भारतातल्या या कॅसेट-क्रांतीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

त्याच काळात तिकडं घरचा स्टुडिओ जन्माला येत होता. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीनं 'पोर्टास्टुडिओ' काढला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक, आणि त्याच डब्यात छोटा मिक्सर. जानेवारी १९८२मध्ये अमेरिकेतला मोठा गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यानं घरातल्या खोलीत, शुअरचे दोन साधे एसएम-५७ माईक लावून या यंत्रावर नवीन गाणी भरली. नुसता कच्चा आराखडा म्हणून. मग मोठ्या स्टुडिओत बँड घेऊन तीच गाणी पुन्हा करून बघितली, पण घरच्या कॅसेटमधला जीव तिथं उतरेना. शेवटी घरातलंच ध्वनिमुद्रण 'नेब्रास्का' या नावानं बाजारात आलं.

१९९०च्या सुमारास मॅकी कंपनीचे आटोपशीर मिक्सर आले, १९९२मध्ये अलेसिसचं आठ ट्रॅकचं एडॅट यंत्र आलं, मग कॉम्प्युटर. जे काम भिंतभर यंत्रं करायची ते लॅपटॉपमध्ये मावलं. मोठ्या मिक्सरची मूळ गरज काय होती? वीस-पंचवीस माईकचे आवाज एकाच वेळी चार किंवा दोन ट्रॅकवर जागच्या जागी बसवायचे. तुमच्या खोलीत एका वेळी किती माईक चालू असणार? दोन. फार तर चार.

*आता आपली खोली*

एवढा इतिहास सांगून झाल्यावर खरेदीचं थोडक्यात सांगतो.

१. आधी आपली वाद्यं बघा. संबळ, हलगी, चौंडकं, झांज ही उघड्या मैदानात ऐकू जाण्यासाठी बनलेली वाद्यं आहेत. बारा बाय दहाच्या खोलीत माईक त्यांच्या तोंडाशी लावला तर आवाज फाटणारच. कुठलाही कंप्रेसर फाटलेला आवाज शिवून देत नाही. गैसबर्गचा नियम वापरा, संबळ मागं आणि गाणारी बाई माईकजवळ. शक्य असेल तर वाद्यं आधी मुद्रित करा, गळा नंतर.

२. मिक्सर की ऑडिओ इंटरफेस? हा खरा प्रश्न. स्वस्तातल्या बऱ्याच यूएसबी मिक्सरला चॅनल आठ असले तरी कॉम्प्युटरला फक्त दोनच जातात, सगळा आवाज एकत्र होऊन. नंतर संबळ कमी करायचा म्हटलं तर होत नाही. त्यामुळं घेताना एकच प्रश्न विचारा, "प्रत्येक माईक कॉम्प्युटरमध्ये वेगळा जातो का?" एकट्यानं काम करायचं असेल तर दोन माईकचा इंटरफेस पुरतो. भजनी मंडळ एकदम बसवायचं असेल तर चार किंवा आठचा. गावात कार्यक्रमाला भाड्यानं साउंड द्यायचा धंदाही करणार असाल, तरच मिक्सर वेगळा घ्या.

३. आउटबोर्ड डबे पहिल्या वर्षी घेऊ नका. कंप्रेसर, इक्वलायझर, रिव्हर्ब हे तिन्ही रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलेच असतात. मुद्रण २४ बिटमध्ये करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतकाच गेन ठेवा. एवढं पाळलं की रेकॉर्ड करतानाच आवाज दाबायची गरज उरत नाही.

४. खर्चाचा क्रम असा ठेवा: खोली, अर्थिंग, माईक, हेडफोन, इंटरफेस आणि सगळ्यात शेवटी बाकीचं. पत्र्याच्या खोलीत पाऊस आणि ऊन दोन्ही ऐकू येतात, पत्रा तापला-निवला तरी कडकडतो. स्लॅबची खोली बघा. भिंतींवर जाड वाकळा टांगा, खाली सतरंजी. अंड्याच्या ट्रेचा उपयोग जवळपास शून्य आहे.

५. अर्थिंग तपासा. हेडफोनमध्ये जो 'हूं' आवाज येतो तो बहुतेक वेळा ५० हर्ट्झच्या विजेचाच असतो. लॅपटॉप आणि यंत्र एकाच बोर्डावर लावा. खरं अर्थिंग नसेल तर आधी वायरमनला बोलवा, मग दुकानात जा. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएस लागेल, तो बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा.

६. कर्ज घ्यायचंच असेल तर पहिल्या सहा महिन्यांत किती गाणी कुणाकडून मिळणार, हे आधी कागदावर लिहा. यादी दहाच्या पुढं जात नसेल तर मोठा मिक्सर घेऊ नका.

*आवाज कुणाचा, मालकी कुणाची?*

हे शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो. म्हणजे मुद्रण घडवून आणायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली तो. ही मालकी ६० वर्षं चालते. पारंपरिक आराधी गाण्याला किंवा ओवीला कुणी एक लेखक नाही, त्यामुळं शब्दांवर कुणाचा हक्क लागत नाही. मग काय होतं? आजी गाते, पोरगा रेकॉर्ड करतो, चॅनल तिसऱ्याचं, आणि व्हिडिओखाली नाव फक्त चॅनलचं. कंपन्यांनी शंभर वर्षं जे केलं तेच आता आपलीच पोरं नकळत करतायत.

पण त्याच कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचेही हक्क आहेत. २०१२च्या दुरुस्तीनं ते आणखी पक्के झाले. कलाकार म्हणून आपलं नाव यावं हा तिचा हक्क आहे आणि व्यावसायिक वापर झाला तर मोबदला मागण्याचाही. म्हणून स्टुडिओ टाकणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती, माईक चालू करण्याआधी एक साधा कागद करा. कोण गातंय, कोण वाजवतंय, पैसे आत्ता किती, नंतर उत्पन्न आलं तर वाटा किती. खाली सही किंवा अंगठा. मिक्सर नसला तरी चालेल, हा कागद पाहिजे.

एक चांगलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्याखेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर! १९९०च्या दशकात बर्नार बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाच्या मदतीनं त्यातल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बाईच्या आवाजात टेपवर मुद्रित झाल्या. आज तो ठेवा 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर आहे. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. त्यांनी भारी स्टुडिओ उभा केला नाही. ते तिच्या ओसरीवर गेले आणि तिचं नाव लिहून घेतलं.

बेंबळीत आणि आसपासच्या गावांत अजून अशा बाया आहेत ज्यांना आराध्यांची गाणी रात्रभर पुरतील एवढी तोंडपाठ आहेत. संबळ वाजवणारे जुने हात आहेत. एकेक करून ते कमी होतायत. त्यांचा आवाज टिकवायला सोळा चॅनल लागत नाहीत. एक बरा माईक, शांत रात्र आणि थोडी सबुरी एवढं पुरेल.

ज्यांच्या घरी ८०-९०च्या दशकातल्या जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्या पावसाळ्यात बुरशी लागायच्या आत कोरड्या जागी हलवा आणि फेकू नका. त्यावर कुणाचा आवाज आहे, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, एवढं कमेंटमध्ये लिहा. आणि स्टुडिओ टाकलेल्या पोरांनो, तुम्ही काय घेतलं, काय वाया गेलं, तेही लिहा. पुढच्याचे पैसे वाचतील.